इंदूबाईच्या हातातली गाडी

इंदूबाईला फारसं कोणाचं कौतुक नव्हतं. माहेर अंजनगाव सुर्जीचं, बाप पानमळ्यात राबलेला, आणि पान हातात घेऊन उलटंपालटं करत त्याची खोड काढण्याची त्याची सवय पोरीनं जशीच्या तशी उचलली. फरक एवढाच, की बाप पानांची खोड काढायचा आणि इंदूबाई माणसांची. लग्न होऊन ती बार्शीटाकळीजवळच्या गावात आली, तेव्हा तिनं पहिल्याच आठवड्यात सासरचा मळा, विहीर, सासू आणि नवरा या सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि मनाशी नाक मुरडलं. पुढच्या तीसएक वर्षांत तिला आपलं मत बदलायचं काही कारण सापडलं नव्हतं.

नवरा किसनराव. उंच, वाळकुडा, चालताना जमिनीची माफी मागत चालल्यासारखा. वांग्याची रोपं लावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याच्या तोंडात मिठाची गुळणी. चहाच्या टपरीवर तो रोज बसायचा, सगळ्यांचं ऐकायचा, आणि कोणी काहीही म्हटलं तरी मान हलवायचा. दोन माणसं परस्परविरुद्ध बोलली तर तो दोघांसाठीही हलवायचा. इंदूबाई त्याला घरात ‘हो-बाबा’ म्हणायची. तोंडावर.

इंदूबाई टेम्पो चालवायची, पण तो खरं तर मुलाचा, शुभमचा. पोरानं मोठ्या हौसेनं घेतला, वर्षभर फिरवला, मग पुण्यात कंपनीत चिकटला आणि टेम्पो अंगणात कडुनिंबाखाली उभा राहिला. कोंबड्या त्यावर झोपायला लागल्या. आपल्या मळ्यातली भाजी दुसऱ्याच्या गाडीतून पाठवायची आणि स्वतःची गाडी कोंबड्यांना द्यायची, हा मूर्खपणा इंदूबाईला सहन होईना. पंचेचाळिशी उलटल्यावर ती चालवायला शिकली. गावानं भरपूर करमणूक करून घेतली. एकदा तिनं गव्हाणीला धडक दिली, ती गोष्ट टपरीवर अजून सांगतात आणि दरवेळी गव्हाण थोडी मोठी होत जाते. पण लायसन्स आलं, आणि इंदूबाई रोज पहाटे अकोल्याच्या भाजीबाजारात जाऊ लागली. आधी स्वतःची वांगी आणि मेथी, मग शेजारच्या कौशल्याची कोथिंबीर, मग माळीपुऱ्यातल्या जवळपास सगळ्या बायांच्या टोपल्या. दलालाच्या माणसाशी भाव ती स्वतः करायची. तिथली तिची जीभ ऐकायला आजूबाजूचे हमाल काम थांबवायचे. आयुष्यात पहिल्यांदा तिला तिच्या जिभेच्या मापाचं काम मिळालं होतं.

यंदा चैत्र लागला आणि टेम्पो बिघडला.

बिघडला म्हणजे बंद पडला नाही. सकाळी सुरू केला की इंजिन भकभक करायचं, एक ठोका मारायचं आणि एक गिळायचं, अंगाखाली सगळी गाडी थरथरायची, मागून काळा धूर. गावाबाहेरच्या चढावर तर दम्याच्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकायचा. इंदूबाई त्याला शिव्या घालत, पहिल्या गियरमध्ये रेटत वर न्यायची.

आता गावात एखाद्याचं इंजिन बिघडलं की त्याला किती डॉक्टर मिळतात ते पाहण्यासारखं असतं. टपरीवाल्या शेषरावानं जन्मात सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं, पण त्यानं उकळत्या चहावरची नजर न हलवता सांगून टाकलं की पंप गेला. एकानं डिझेलात भेसळ सांगितली. एकानं नोझल. ज्याला काहीच सुचलं नाही त्यानं, यंदा ऊनच लय हाय, असं सांगितलं आणि तेही शहाण्यासारखं वाटावं अशा चेहऱ्यानं सांगितलं. शुभमनं पुण्याहून मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक माणूस भलत्याच गाडीचं भलतंच झाकण उघडून हिंदीत बोलत होता. किसनराव प्रत्येकापुढे मान हलवून आला.

आणि बंडू. बंडू म्हणजे किसनरावचा पुतण्या. दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवता चालवता तो इंजिनातला जाणकार म्हणून मिरवायला लागला होता. कानात स्क्रू-ड्रायव्हरची मूठ लावून, टोक इंजिनाला टेकवून तो डोळे मिटायचा. देवाशी बोलल्यासारखा. हे पाहून माणसं गप्प व्हायची, आणि बंडूला तेवढंच हवं असायचं. त्यानं तीनचार वेळा येऊन टेम्पो तपासला. गंमत अशी की त्यानं तपासला की टेम्पो शहाण्या पोरासारखा चालायचा. ना भकभक, ना धूर. अकोल्याला वाशिम बायपासवरच्या मेकॅनिककडे तो स्वतः घेऊन गेला, तिथंही तेच. मेकॅनिकनं फिल्टर झटकला, नोझल काढून बसवलं, आणि गाडीत काही नाही म्हणून हात झटकले.

मग बंडूनं टपरीवर निकाल दिला.

“गाडीत खराबी नाई,” तो म्हणाला. “चालवनाऱ्याच्या हातात हाय. माह्या हातात चालते, मेकॅनिकच्या हातात चालते, काकूच्या हातातच मरते. बाईमानसाचा पाय क्लचवरून निंगत नाई, तं इंजिन खराबच होईन ना. अजून दोन मयने असंच चाललं तं भंगारात द्या लागन. त्यापक्षा काका, मले द्या.”

इंदूबाईचा पाय क्लचवर नसतो हे टपरीला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरजही नव्हती. गव्हाण सगळ्यांना आठवत होती. किसनरावनं मान हलवली. कागद शुभमच्या नावावर, आणि शुभम फोनवर म्हणाला की बाबा म्हणतील तसं. अशा रीतीनं ठरलं, की रविवारी बंडूनं नारळ घेऊन यावं आणि गाडी न्यावी.

हे इंदूबाईला किसनरावनं सांगितलं जेवताना, ताटाकडे पाहून.

“मंग मी काय करू?” तिनं विचारलं.

“घरी ऱ्हाय. लय दगदग झाली तुही.”

इंदूबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. दगदग. पहाटेचा रस्ता, बाजारातली खेचाखेच, परत येताना रिकाम्या गाडीत मोठ्यानं म्हटलेली गाणी, जी तिनं घरात कधी म्हटली नव्हती, या सगळ्याला या माणसाकडे एवढाच शब्द होता. गाडी गेली की उरलं काय, तर चूल, मळा, आणि बंडूच्या गाडीत आपली टोपली चढवताना त्याची मेहेरबानी. तिला भीती वाटली. भीती वाटल्याचा राग आला, आणि रागात तिचं डोकं नेहमीच चांगलं चालायचं.

तिनं विचार सुरू केला तो त्या शहाण्यांनी न केलेल्या प्रश्नापासून. जाताना गाडी मरते आणि येताना मरत नाही, असं का? दुपारी, भर उन्हात, तीच गाडी तोच चढ दुसऱ्या बाजूनं भुर्रकन चढते. टपरीनं याचं उत्तर दिलं होतं: जाताना लोड असतो. ठीक. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी इंदूबाईनं पहाटे रिकामी गाडी काढली. चढावर तीच भकभक, तोच धूर. गाडी परत आणून तिनं अंगणात उभी केली, दुपारपर्यंत उन्हात तापू दिली, मग कांद्याची पोती मागे टाकली आणि पुन्हा चढावर नेली. गाडी गाणं म्हणत चढली.

म्हणजे लोड नाही. ऊन नाही. हात तर तोच, पाय तोच, बाईही तीच. गाडी सकाळी आजारी आणि दुपारी बरी. इंदूबाईला पोटदुखीचं सोंग करणारी शाळेची पोरं आठवली, पण इंजिन सोंग करत नाही. याचा अर्थ एकच होता. दुपारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत, गाडी दारात उभी असताना, तिला काहीतरी होत होतं. किंवा कोणीतरी करत होतं. तिला अर्थातच बंडूचा संशय आला आणि मनातल्या मनात तिनं त्याची जी पूजा बांधली, ती त्यानं ऐकली असती तर तो गाव सोडून गेला असता.

उन्हाळ्यात सगळा गाव अंगणातच झोपतो. शनिवारी तिनं आपली बाज टेम्पोला खेटून टाकली. किसनरावनं विचारलं, “अथी काहून?” ती म्हणाली, “वारा हाय.” वारा मुळीच नव्हता.

पहाटे फटफटू लागताना चपलांचा आवाज आला. इंदूबाईनं डोळे किलकिले केले. बंडू नव्हता. किसनराव होता, आणि त्याच्या हातात बादली होती. यात तसं नवल नव्हतं. सकाळी सीट उचलून इंजिनाचं ऑईल-पाणी पाहणं हे गाडीचं एक काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. या टेम्पोचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखालीच, आणि सीटची कडी मोठी चिवट. पुढे शेजारी टोपल्या रचल्या की ती उघडणं शक्यच नसायचं, म्हणून इंदूबाई त्या भानगडीत पडत नव्हती. तिनं पाहिलं, नवऱ्यानं कडी अलगद काढली, सीट उचलली, आतून काहीतरी चपटं, चौकोनी बाहेर काढलं, बादलीत बुडवलं, निथळू दिलं आणि परत आत सारलं.

“काय करून राह्यले?” ती म्हणाली.

किसनरावचा हात सीटवरच राहिला. “ऑईल पायतो.”

“ऑईल बकेटीत ऱ्हायते का?”

ती उठली. आत हात घातला आणि ते बाहेर ओढलं. वाळ्याची ताटी होती. जुन्या कुलरची, मागच्या साली फेकून दे म्हणून तिनंच सांगितलेली. आकाराला कापलेली, कडेनं तारेनं शिवलेली, वरून गोणपाट लावलेलं. एवढं सुबक काम या माणसानं घराच्या दाराचं केलं नव्हतं. ओली असल्यामुळे ती जडशीळ झाली होती आणि मधोमध लोंबत होती. इंदूबाईनं ती उलटी केली. खालच्या बाजूला एक गोल डाग होता, वाटीएवढा, काळा, आणि त्या जागचा वाळा आत ओढून ओढून चेपलेला. तिनं सीटखाली पाहिलं. इंजिनाला हवा नेणाऱ्या नळीचं तोंड बरोबर त्याच मापाचं होतं.

सगळं तिच्या डोक्यात धडाधड जागेवर बसलं. सकाळी ओली ताटी, त्यावर सीट, सीटवर इंदूबाई, आणि इंदूबाई काही हलकी नव्हती. नळीच्या तोंडावर बोळा कोंबल्यासारखा. दुपारी ताटी वाळून कडक व्हायची, उचलली जायची, आणि गाडीला श्वास यायचा. यंदा सीट पोळत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. त्याचं श्रेय तिनं शुभमनं पाठवलेल्या नव्या कव्हरला दिलं होतं.

“हे काहून?” तिनं विचारलं.

किसनराव बादलीकडे पाहत बोलला. “तुले पोळे ना. मांगच्या उनाळ्यात मांडीले फोड आलते. कोनाले सांगतलं नाई तू. मले दिसलं.”

इंदूबाईनं ताटीवरचा गोणपाट एकदा चाचपला. पण तिचं डोकं पुढं धावलं होतं.

“आन बंडू तपासाले आला तवा? मेकॅनिककडं गाडी गेली तवा? कोनालेच काहून नाई दिसली?”

“मी काढून ठेवत होतो.”

“काहून?”

“लोक काय म्हनतीन,” किसनराव म्हणाला. “बायकोच्या बुडाखाली ताटी भिजवते म्हनतीन.”

तो खोटं बोलत नव्हता. ताटीमुळे इंजिन गुदमरतं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात येण्याइतका त्यानं विचारच केला नव्हता, त्याचा सगळा विचार ती लपवण्यात गेला होता. इंदूबाईला दोन गोष्टी एकदमच वाटल्या आणि त्या एकमेकींत मिसळेनात. या माणसानं आपले फोड पाहिले होते, रोज पहाटे न चुकता उठला होता. आणि याच माणसानं टपरीवर बसून, बायकोच्या हातात गुण नाही हे सगळ्या गावाच्या तोंडून ऐकून, मान हलवली होती.

“म्हनजे माही इज्जत गेली तं चालते,” ती हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. “गाडी गेली तरी चालते. पन तुमाले कोनी हासलं नाई पायजे. आज बंडू येईन. सगळ्यायसमोर तुमच्या तोंडानं सांगा. मी नाई सांगनार. मी सांगतलं तं म्हनतीन, बाई आपलं झाकून राह्यली. तुमी नाई बोलले तं गाडी जाऊ द्या त्याच्या घरी.”

बंडू आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, नारळ, उदबत्ती आणि शेषरावासकट टपरीवरची चार माणसं घेऊन. शेषरावानं त्यासाठी टपरी पोराच्या स्वाधीन केली होती, इतका त्याला इंजिनाचा लळा. बंडूनं चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि एकसारखं, गुळगुळीत चालू लागलं.

“पाह्यलं?” बंडू म्हणाला. “परवा मी सेटिंग जराशी हलवली होती. हाताचा फरक असते काका. बोला, फोडू नारळ?”

सगळे किसनरावकडे पाहू लागले. इंदूबाई दारात हाताची घडी घालून उभी होती. तिनं त्याला खूण केली नाही, खाकरलीही नाही. तो बोलणार नाही याची तिला जवळजवळ खात्रीच होती, आणि तरी तिचे कान त्याच्याकडे लागले होते. किसनरावनं जमिनीकडे पाहिलं. चपलेनं एक खडा इकडचा तिकडे केला.

“गाडी देत नाई,” तो म्हणाला.

बंडूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काहून?”

“देत नाई म्हनलं ना.”

“अरे पन गाडी खराब हाय म्हनत होते ना तुमी,” शेषराव म्हणाला.

“आता चांगली हाय.”

“चांगली हाय, कारन मी केली,” बंडू चिडून म्हणाला. “मी केली का नाई काका? सांगा ना.”

किसनरावनं तोंड उघडलं. इंदूबाईची घडी सुटली. त्याची नजर शेषरावावर गेली, मग बाकीच्या तिघांवर.

“हो,” तो म्हणाला. “तूच केली.”

बंडू नारळ घेऊन परत गेला. जाताना, काकूच्या हातात दिवाळीपर्यंत टिकते का पाहू, असं म्हणायला विसरला नाही. गाडी अंगणात राहिली. इंदूबाई आत गेली आणि दिवसभर किसनरावशी एक शब्द बोलली नाही. ती अर्धी जिंकली होती, आणि अर्धं जिंकणं हा प्रकार तिला नवीनच होता. हरल्यावर माणसाला शिव्या घालता येतात, जिंकल्यावर टोमणे मारता येतात. याचं काय करायचं ते तिला समजेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गाडीपाशी आली तर किसनराव ताटी घेऊन उभा. रात्रीतून त्यानं ताटीला मधोमध वाटीएवढं भोक पाडून कड शिवली होती आणि खालून बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या.

“आता नळीले लागत नाई,” तो म्हणाला. “ठेवू?”

“ठेवा,” इंदूबाई म्हणाली. “पन अथून नाई. टपरीवर या घेऊन, उजेडात. सगळ्यायसमोर सीट उचला आन ठेवा. चोरून देल्लेला गारवा मले नाई पायजे. त्यापक्षा मी पोळून घेतो.”

तिनं चावी फिरवली. किसनराव बाजूला झाला. ताटीतलं पाणी त्याच्या पायांवर टपकत होतं. तिनं वळून पाहिलं नाही.

टपरीपाशी माळीपुऱ्यातल्या बाया टोपल्या घेऊन उभ्या असतात, तिथं रोज थांबावंच लागतं. टोपल्या चढल्या, तरी ताटी घेऊन किसनराव काही आला नाही. बाकावर तीच कालची माणसं बशीत चहा ओतून बसली होती. शेषरावानं गाळणी झटकली आणि इंजिनाचा आवाज ऐकून समाधानानं मान डोलावली.

“काय इंदूबाई, गाडी बेस चालून राह्यली. बंडूनं हात लावला म्हनून बरं. नाई तं तुमी तिचा जीवच घेतला होता.”

इंदूबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तीस वर्षांत तिची जीभ कधी रिकामी सापडली नव्हती. एक वाक्य. ताटी, बादली, रोजची पहाट, एवढंच सांगितलं असतं की बंडूचं सेटिंग उघडं पडलं असतं, क्लचवरच्या पायाचा आळ तिच्यावरून गेला असता, आणि शेषरावाचं तोंड चांगले चार दिवस बंद राहिलं असतं. नंतर मात्र ते उघडलं असतं. या बाकावर किसनराव रोज येतो, कोपऱ्यात बसतो, मान हलवतो. पुढचा सगळा उन्हाळा त्यांनी त्याला चहासोबत खाल्लं असतं. पोरासोरांनी त्याला ताटीवाला म्हटलं असतं, आणि तो त्यालाही मान हलवत बसला असता.

“हो ना बाप्पा,” ती म्हणाली. “बंडूनंच केली.”

आणि तिनं गाडी पुढे काढली, इतक्या झटक्यात की मागे कौशल्याची कोथिंबिरीची टोपली कलंडली.

तिचं तोंड संतापानं लाल झालं होतं. काल याच उत्तरासाठी तिनं त्या माणसाला मनातल्या मनात उभं जाळलं होतं. रस्ताभर ती मोठमोठ्यानं शिव्या घालत राहिली: आधी बंडूला, मग शेषरावाला, मग बाकावरच्या एकेकाला, मग किसनरावला, त्याला सगळ्यांत जास्त वेळ. इंजिन एकाही ठोक्याला चुकत नव्हतं. चढ आला तोवर गावात शिव्या घालण्यासारखं कोणी उरलं नव्हतं, फक्त स्वतः इंदूबाई राहिली होती, आणि तिनं तिलाही सोडलं नाही. गाडी सरळ वर चढली. सीट एव्हाना चांगलीच पोळायला लागली होती.